वरचा गिअर उशिरां कां पडतो?

मुंबईहून येणारा द्रुतगती मार्ग किवळ्यापाशीं संपतो, आणि तेथून जवळच पवनेच्या कांठीं रावेत आहे. मालानें भरलेली डिझेल पिकअप गाडी बोरघाट चढतांना खालच्या गिअरमध्यें अधिक वेळ राहिली, तर त्यांत नवल नाहीं; चढावर तसेंच व्हावें लागतें. परंतु रावेतच्या सपाट रस्त्यावर, हलक्या पायानें चालवितांनाही इंजिन ओरडत राहतें आणि वरचा गिअर उशिरां, हिसका देऊन पडतो, तेव्हां कोठें तरी दोष आहे हें निश्चित. अशा वेळीं "गिअरबॉक्स गेला" हा निकाल फार लवकर दिला जातो. गिअरबॉक्स उतरविला जातो, गाडी कित्येक दिवस उभी राहते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीं. आणि पुष्कळदां दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो.

आपल्याकडे स्वयंचलित गिअरची पिकअप तशी नवी. इसुझूची व्ही-क्रॉस २०१९ सालापासून आणि टोयोटाची हायलक्स २०२२ सालापासून भारतांत या सोयीसह मिळूं लागली. हिचें मूळ तत्त्व समजावयाचें, तर जुन्या अमेरिकन गाडीकडे पाहणें सोयीचें. डॉज कंपनीनें १९८९ सालीं आपल्या पिकअपमध्यें कमिन्सचें ५.९ लिटरचें सहा सिलिंडरांचें डिझेल इंजिन बसविलें. कमिन्स हें नांव पुण्याला परकें नाहीं. किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी येथें १९६२ सालींच स्थापन झाली.

या जुन्या डॉजच्या गिअरबॉक्समध्यें एका झडपेच्या दोन टोकांवर तेलाचे दोन दाब असतात. एक दाब गव्हर्नरचा. गाडीचा वेग वाढेल तसा तो वाढतो. दुसरा भाराचा, ॲक्सिलरेटर दाबला कीं एका केबलच्या ओढीनें तो वाढतो. वेगाचा दाब भाराच्या दाबावर मात करतो, त्या क्षणीं झडप सरकते आणि वरचा गिअर पडतो. ही एक तागडीच आहे. गिअर उशिरां पडतो याचा अर्थ इतकाच कीं, भाराचें पारडें विनाकारण जड झालें आहे, किंवा वेगाचें हलकें.

म्हणून तपास स्वस्त गोष्टींपासून सुरू करावा. प्रथम तेल. गाडी सपाटीवर, तेल गरम आणि इंजिन चालू असतांना पातळी पाहावी. या डॉज गाड्यांत ती न्यूट्रलमध्यें पाहतात, इतर गाड्यांत त्यांच्या पुस्तिकेप्रमाणें. तेल कमी असेल, तर पंप हवा ओढतो आणि दाब ढासळतो. दुसरी केबल. ती फार ताणलेली असल्यास भार नसतांनाही भाराची खोटी बातमी आंत जाते. तिसरें खुद्द इंजिन. धुळीच्या रस्त्यांवर हवेची जाळी तुंबते, डिझेलची जाळी तुंबते, ताकद घटते आणि चालक नकळत पाय अधिक दाबतो; गिअरबॉक्स बिचारा आज्ञा पाळत असतो. चौथा गव्हर्नर. या डॉज गाड्यांत त्याचा दाब ताशी दर मैलाला, दर चौरस इंचास सुमारें एक पौंड या बेतानें वाढावा. दाबमापक लावतांच खरें-खोटें कळतें.

नव्या गाड्यांत केबल व गव्हर्नर यांचें काम संवेदक आणि संगणक करतात. तेथें आधीं संगणकांतील दोषांक आणि तारांचे जोड पाहावे. तेल थंड असतांना पहिलीं कांहीं मिनिटें गिअर उशिरां पडणें हा मात्र बहुधा दोष नव्हे.

एक मोह मात्र टाळावा. गिअर लवकर पडावा म्हणून केबल वाटेल तशी ढिली करूं नये. तिच्यावरच क्लचच्या पकडीचा दाबही अवलंबून असतो. पकड सैल झाली कीं तबकड्या घसरतात आणि जळतात. मग बाहेरचा किरकोळ दोष खरोखरच आंत शिरतो.

तेल काळपट होऊन त्याला जळका वास येत असेल, तळाच्या तबकांत धातूचा चुरा सांपडला असेल, किंवा इंजिन फिरूनही गाडी ओढत नसेल, तरच गिअरबॉक्स उतरविण्याची वेळ आली असें समजावें. तोंवर पाना बाजूला ठेवून तेलाची कांडी हातीं घ्यावी. ती पाहण्यास पैसा लागत नाहीं.