मुलाच्या गो-कार्टचा मागचा ॲक्सल बदलायचा? मग ब्रेकचं कोटेशनही त्यातच धरा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फॅब्रिकेशनच्या छोट्या वर्कशॉपला मिळू शकणारं एक वेगळं काम बघितलं: लहान मुलाच्या गो-कार्टचा मागचा ॲक्सल आणि ब्रेक सुधारून देणं. व्हिडिओत वेल्डिंग आणि लेथ छान दिसतं, पण पैसे नक्की कशाचे घ्यायचे हे घाईत निघून जातं. ते इथे निवांत बघू.

गिऱ्हाईक बहुतेक वेळा फार्महाउसवालं किंवा कृषी पर्यटन केंद्र चालवणारं असतं. मुलगा सहा वर्षांचा असताना घेतलेली कार्ट आता दहाव्या वर्षी त्याला कमी पडते. वडील येऊन म्हणतात, "मागचा रॉड वाकलाय, जरा जाड टाकून द्या. जमलं तर इंजिनही थोडं मोठं बसवू." हे वाक्य नीट ऐका. त्यात ब्रेक हा शब्दच नाही, आणि तुमचं खरं काम तिथेच आहे.

आधी रचना समजून घ्या. लहान, स्वस्त कार्टमध्ये मागचा रॉड बऱ्याचदा फिरतच नाही. चाकं आपापल्या बेअरिंगवर फिरतात, चेनची ओढ एकाच चाकाला मिळते आणि ब्रेकही एकाच बाजूला असतो. वेग कमी असेपर्यंत हे चालून जातं. वेग वाढला की ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते. काही कार्टमध्ये तर ब्रेक क्लचच्या बाजूला असतो, म्हणजे चेन उतरली की ब्रेकही गेला. चेन उतरते ती नेमकी धक्के बसतात तेव्हा.

यावर उपाय म्हणजे फिरता ॲक्सल. एकच अखंड शाफ्ट, त्याला दोन्ही चाकांचे हब, स्प्रॉकेट आणि ब्रेकची डिस्क, सगळं चावी घालून पक्कं केलेलं. मग एका डिस्कवर दोन्ही मागची चाकं थांबतात, चेन असो वा नसो. म्हणून ॲक्सल आणि ब्रेक ही दोन कामं नाहीत, एकच आहे. गिऱ्हाईक म्हणालं, "नुसता ॲक्सल करा, ब्रेकचं पुढच्या महिन्यात बघू," तर काम घेऊ नका. हे मी धंद्याच्या हिशोबानेच सांगतोय. त्या गाडीवर लहान मूल बसणार आहे आणि शेवटचा हात तुमचा लागलेला असणार आहे.

आता सामान. शाफ्टला २५ मिमी ईएन-८ चा ब्राइट बार घ्या. २० वरून २५ मिमी म्हणजे फरक किरकोळ वाटतो, पण ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती जवळजवळ दुप्पट होते. वजन मीटरला ३.८५ किलो. बेअरिंग यूसीपी २०५, तालुक्याच्या गावीही मिळतं. चावी ८ मिमी रुंद. लेथवाला घाईत असला की म्हणेल, "की-वे कशाला, हब वेल्डिंग मारून देतो." नको म्हणा. फिरणाऱ्या शाफ्टला प्रत्येक फेरीत उलटसुलट ताण बसतो, आणि ईएन-८ वर मारलेल्या वेल्डिंगच्या कडेलाच तडा सुरू होतो. तो बाहेरून दिसत नाही. बेअरिंगचे माउंट लावताना शाफ्ट दोन्ही बेअरिंगमधून घालून, तो हाताने हलका फिरतोय हे बघून फक्त टाके मारा. पुढचं पूर्ण वेल्डिंग बेअरिंग काढून करा, नाहीतर वेल्डिंगचा करंट बॉलमधून जाऊन नवीन बेअरिंग खराब होतं.

डिस्क निवडताना बहुतेकांची नजर मोटरसायकलच्या मोठ्या डिस्ककडे जाते. दिसायला भारी. पण मोजून बघा. कार्टचा मागचा टायर ११ इंची असेल तर ॲक्सलचा मध्य जमिनीपासून साधारण १४० मिमी वर असतो. २२० मिमीची डिस्क बसवली तर तिच्याखाली राहतात ३० मिमी. पहिल्याच दगडाला डिस्क वाकणार. १८० मिमीची घेतली तर ५० मिमी मिळतात, आणि पंचवीस-तीस किलोच्या मुलाला तेवढा ब्रेक पुष्कळ झाला. उलट ब्रेक फार जोराचा असेल तर मागची चाकं लॉक होऊन गाडी गर्रकन फिरते. कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर एकाच गाडीचे जोडीने घ्या. त्यात ब्रेक ऑइलच घाला, डॉट ३ किंवा डॉट ४, जे झाकणावर लिहिलं असेल ते. वर्कशॉपमधलं हायड्रॉलिक ऑइल ओतलं तर सील फुगतात. पेडलपासून मास्टर सिलिंडरपर्यंतचा दुवा दुहेरी ठेवा: मुख्य रॉड आणि सोबत एक स्टीलची केबल. शर्यतीच्या कार्टला एफआयएच्या नियमांत हे बंधनकारक आहे, मग घरच्या कार्टला का नको?

एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. दोन्ही चाकं एकाच शाफ्टला जखडल्यावर वळणावर आतलं चाक घासतं, म्हणून स्टिअरिंग जड लागतं आणि गाडी सरळ जायला बघते. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

मोठ्या इंजिनाचा विषय निघाला की हा हिशोब कागदावर मांडा. फक्त मागचे ब्रेक, कोरडी जमीन, सेकंदाला ३.५ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी होतो असं धरू. ताशी २० किमीला थांबायला साधारण साडेचार मीटर लागतात. ताशी ३० ला १० मीटर. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. मुलाला भानावर यायला एक सेकंद लागला तर त्यात आणखी ८ मीटर घाला. समोर कंपाउंडची भिंत कुठे आहे, हे मग वडीलच विचारतील.

झाकणंही कोटेशनमध्येच धरा. २०१८ मध्ये हरियाणात पिंजोरच्या बागेत गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका तरुणीचा जीव गेला. फिरता ॲक्सल सीटच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असतो. चेन, स्प्रॉकेट, डिस्क आणि शाफ्ट पत्र्याने झाकल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

आता दर. आकडे समजण्यापुरते घेतो, तुम्ही तुमच्या गावचे घाला. समजा सामान ९,००० रुपयांचं, लेथचं बाहेरचं काम १,५००. तुमचे १२ तास, तासाला २५० प्रमाणे ३,०००. झाले १३,५००. त्यावर २० टक्के, म्हणजे २,७००. एकूण १६,२००. नवीन माणूस कुठे चुकतो माहितीये? बारा तासांतले वेल्डिंगचे आठच धरतो. ब्रेकमधली हवा काढणं, झाकणं बसवणं आणि चाचणी यांचे चार तास फुकट जातात, आणि मग पैसे मिळत नाहीत म्हणून नेमकं तेच काम घाईत उरकलं जातं.

चाचणीसाठी मोकळी, कोरडी जागा घ्या. आधी गाडी हाताने ढकलून ब्रेक बघा, मग चालण्याच्या वेगाने, मग वेग वाढवत. पेडल त्या मुलाच्याच पायाने दाबून बघा, तुमच्या नाही. बिलावर कोणतं सामान घातलं ते लिहा, "सार्वजनिक रस्त्यावर वापरायची नाही" हेही लिहा आणि वडिलांची सही घ्या. साधारण १० तास चालल्यावर गाडी परत मागवून ग्रब स्क्रू, चेनचा ताण आणि पॅड तपासायचे. या फेरीचे पैसे पहिल्याच कोटेशनमध्ये धरा. वेगळे मागितले तर गाडी परत येत नाही.