शेवटच्या पाड्याची विंडो

मोखाडा तालुक्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यात टँकर फिरतात. काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही, उतार तीव्र आहेत, आणि पडलेलं पाणी वैतरणेला जाऊन मिळतं. वैतरणेचं पाणी मुंबईला. याच तालुक्यात कोचाळे गावाजवळ २०१४मध्ये पूर्ण झालेलं मध्य वैतरणा धरण १०२ मीटर उंच आहे आणि मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याच्या क्षमतेचं आहे. पाणी दरीत, पाडे वर. तालुक्यातल्या पोशेरा आणि आजूबाजूच्या गावांच्या नळयोजनेचं गणित म्हणूनच उंचीचं गणित आहे, आणि ते आता संगणकाच्या पडद्यावर होतं.

या गणितासाठी जगभर वापरला जाणारा प्रोग्रॅम म्हणजे एपानेट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत लुईस रॉसमन यांनी तो घडवला. पहिली आवृत्ती १९९३ची, दुसरी २०००ची. तो फुकट आहे आणि डेस्कटॉपवर चालतो. विंडोत एका बाजूला नकाशा, एका बाजूला वस्तूंची यादी, आणि टाकीवर किंवा पाईपवर क्लिक केलं की त्या वस्तूचे गुणधर्म. आयआयटी मुंबईत ओम दामाणी आणि निखिल हुडा यांनी केलेली ‘जलतंत्र’ ही प्रणाली याच्या पुढची पायरी: गुरुत्वाने वाहणाऱ्या, फांद्यांसारख्या पसरलेल्या जाळ्यात कुठे कोणत्या व्यासाचा पाईप टाकला तर खर्च सर्वांत कमी येईल, हे ती शोधते. ती ब्राउझरमध्ये चालते. मोखाड्याच्या डोंगरात मात्र नेटवर्कवर विसंबून ग्रामसभेत काही दाखवायला जाणं धाडसाचं. म्हणून इथे विचार करतो तो डेस्कटॉपवरच्या, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या छोट्या विंडोचा. अभियंता ती लॅपटॉपवर उघडेल आणि समोर पाड्यावरची माणसं बसलेली असतील.

अशी विंडो बांधायला जावा भाषेतलं जावाएफएक्स हे साधन वापरायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न जागेच्या वाटणीचा. जावात १९९६ साली एडब्ल्यूटी हे विंडो बांधण्याचं साधन आलं तेव्हापासून एक गोष्ट कायम आहे: बटण कुठल्या बिंदूवर ठेवायचं हे प्रोग्रॅमरने मोजून सांगायचं नसतं, कारण पडद्याचा आकार त्याला ठाऊक नसतो. वाटणीचा नियम सांगायचा. जावाएफएक्समधल्या बॉर्डरपेन या मांडणीचा नियम असा: वरच्या आणि खालच्या पट्टीला हवी तेवढी उंची, डाव्या-उजव्या बाजूला हवी तेवढी रुंदी, उरलेलं सगळं मध्याला. विंडो मोठी केली की मध्य वाढतो. म्हणजे मध्यात काय ठेवायचं, हाच खरा निर्णय.

सवयीने तिथे नकाशा जातो. माझं मत वेगळं आहे. नकाशा अभियंत्याला वाचता येतो. ग्रामसभेला हवं असतं ते उंचीचं उभं चित्र. टाकी किती उंचावर, मधला पाडा किती, शेवटचा किती, आणि पाण्याचा दाब वाटेत कसा खाली येत जातो. तेच मध्यात. नकाशा उजवीकडे छोटा. डावीकडे पाड्यांचा तक्ता: नाव, लोकसंख्या, उंची. तक्ता आणि चित्र यांच्यामध्ये सरकणारी दांडी देणारं स्प्लिटपेन ठेवावं. खालच्या पट्टीत एकच ओळ, सर्वांत कमी दाब कुठल्या पाड्यावर आहे ती. ती कुठल्याही टॅबमागे लपता कामा नये.

आता दरडोई पाण्याचा आकडा बदलणारा स्लायडर. जलजीवन मिशनने २०१९मध्ये दरडोई दररोज ५५ लिटरचं मानक धरलं. त्याआधी ते ४० होतं. स्लायडर ४० वरून ५५ वर नेला की प्रवाह ३७.५ टक्के वाढतो, पण पाईपमधल्या घर्षणाने जाणारा दाब जवळजवळ १.८ पट होतो, कारण हेझन-विल्यम्सच्या सूत्रात प्रवाहाचा घात १.८५२ आहे. व्यासाचा परिणाम याहून जबर. ४०० माणसांच्या पाड्याला रोज २२,००० लिटर लागतात. सेकंदाला १ लिटर सोडलं तर सहा तासांचं काम. २ किलोमीटर पाईपचा आतला व्यास ५५ मिलिमीटर असेल, तर वाटेत सुमारे साडेआठ मीटर पाण्याच्या उंचीइतका दाब जातो. ७९ मिलिमीटर असेल, तर दीड मीटर. एकमजली घराच्या नळाशी निदान ७ मीटर दाब शिल्लक राहावा, असा पाणीपुरवठ्याच्या १९९९च्या केंद्रीय नियमावलीचा दंडक होता. यादीत पाईपचा बाहेरचा व्यास असतो; तीतून ६३ऐवजी (आतून ५५) ९०चा (आतून ७९) पाईप निवडताच मध्यातली रेघ वर उचलली जाते आणि शेजारी खर्च वाढतो. दोन्ही एकाच नजरेत दिसले पाहिजेत, नाहीतर स्लायडर नुसतं खेळणं.

स्लायडर ओढताना त्याचा आकडा क्षणोक्षणी बदलतो आणि प्रत्येक बदलाला गणित लावलं तर विंडो गोठते. जावाएफएक्समध्ये पडद्याचं सगळं काम एकाच थ्रेडवर चालतं. छोटं जाळं असेल तर हे खपून जातं. तीस-चाळीस पाड्यांची, पर्याय शोधणारी योजना असेल तर गणित ‘टास्क’ या सोयीने पडद्यामागच्या वेगळ्या थ्रेडवर ढकलायचं आणि उत्तर ‘रनलेटर’ या आज्ञेने पडद्यावर आणायचं. हे पाठ्यपुस्तकात सापडतं. मला जास्त काळजी वाटते ती तक्त्याची. संपादन करता येणाऱ्या तक्त्यात आकडा लिहून एंटर न दाबता माउसने दुसरीकडे क्लिक केलं, तर साध्या टेक्स्टफील्ड-सेलमधला आकडा निमूट पुन्हा जुना होतो. पाड्याची लोकसंख्या ३१० ची ४०० केली असं सगळ्यांना वाटतं आणि गणित ३१० वरच चालतं. लक्ष दुसरीकडे गेल्यावरही नोंद पक्की करणारा सेल स्वतः लिहावा लागतो. संगणक पदविकेच्या प्रात्यक्षिकात असलं काही येत नाही, कारण तिथे तपासणारा एंटर दाबतोच.

आकड्यांचं आणखी एक. मराठी लोकेल, म्हणजे भाषेची मांडणी, लावलं की जावाच्या नव्या आवृत्त्या संख्या देवनागरीत छापतात, छान दिसतं. पण ‘५५’ हे पूर्णांक म्हणून वाचायला दिलं तर जावा ते मुकाट वाचते, आणि तेच दशांश संख्या म्हणून दिलं तर चूक दाखवून थांबते. लोकसंख्येचा रकाना चालतो, उंचीचा अडतो. शिवाय जावाचं स्वतःचं संख्या-छपाईचं साधन स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनीच टाकतं. साडेबारा लाखांचा खर्च १२,५०,००० असा न दिसता १,२५०,००० असा दिसतो. सरपंचाला तो वाचायला लावणं म्हणजे आपणच मोजायचं काम त्याच्यावर टाकणं. आयसीयू नावाचं वेगळं ग्रंथालय जोडलं की लाख-कोटी नीट पडतात.

२०१८मध्ये जावाएफएक्स मूळ जावातून बाहेर काढलं गेलं, त्यामुळे पेनड्राइव्हवर देताना ते सोबत बांधून द्यावं लागतं. जावाच्या २०२१मधल्या सोळाव्या आवृत्तीपासून जेपॅकेज हे साधन त्यासाठी पक्कं झालं. वापरणाऱ्याला जावा वेगळी टाकावी लागत नाही. पाईपच्या दरांची फाइल मात्र या गाठोड्याच्या बाहेर, साध्या तक्त्यात ठेवायची. दरसूची बदलते, आणि ती बदलल्यावर प्रोग्रॅमर शोधत बसायची वेळ शाखा अभियंत्यावर येऊ नये.