भाड्याच्या घरातील कुंडी : साज आणि निगा

बुलडाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासास परिचित आहे, ते १७२४ साली निजाम-उल्-मुल्क व मुबारिझखान यांच्यात तेथे झालेल्या लढाईमुळे. तोफा-तलवारींचा तो काळ सरला. आज ह्या व अशाच मोठ्या गावांतून शिक्षक, परिचारिका, ग्रामपंचायत अधिकारी, बँकेचे कर्मचारी अशी बदलीच्या नोकरीतील कुटुंबे भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडतात. अशा घरात भिंतीस खिळा ठोकावयाचा तरी घरमालकास विचारावे लागते. अंगणात वृंदावन बांधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. साहजिकच तुळस कुंडीत येते, आणि कुंडी नसेल तर तेलाच्या रिकाम्या डब्यात.

कार्तिकात तुळशीविवाहाच्या वेळी ह्याच कुंडीस गेरूचा हात देऊन त्यावर चुन्याच्या रेघा, स्वस्तिक, गोपद्म काढण्याची चाल घरोघरी आहे. साध्या कुंडीचा साज म्हणून ह्याहून स्वस्त व शोभिवंत दुसरे काही सहसा आढळत नाही. तरीही अलीकडे कुंडी 'टिकाऊ' दिसावी म्हणून तिला गडद तैलरंग फासण्याकडे कल दिसतो. तो झाडास मानवणारा नाही.

भाजलेल्या मातीची कुंडी सच्छिद्र असते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने कुंडीतील मुळेही गार राहतात. आतील ओलावा भिंतीतून झिरपून बाहेर वाफ होतो व जाताना उष्णता घेऊन जातो. तैलरंगाचा थर ही छिद्रे बुजवितो. पाणी जास्त झाले तर ते मग भिंतीतून निघून जाऊ शकत नाही आणि मुळे कुजतात. त्यात रंग काळा वा गडद निळा असेल तर तो ऊन शोषून घेतो. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो, तेथे उन्हात ठेवलेली अशी कुंडी म्हणजे तापलेला तवाच होय. गेरू व चुना मात्र छिद्रे फारशी बंद करीत नाहीत आणि पांढरा चुना ऊन परतवितो. एवढे पाहावे, की चुना केवळ बाहेरून लागेल. वऱ्हाडच्या काळ्या मातीत चुनखडीचा अंश आधीच असतो, त्यात भर नको.

मातीची कुंडी पाणी अधिक मागते, हा आक्षेप खरा आहे आणि टंचाईच्या गावी तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यावर उपाय गोणपाटाचा. जुन्या पोत्याचा पट्टा कुंडीभोवती गुंडाळून सुतळीने तीन ठिकाणी बांधावा. सुतळीत जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी ओवली म्हणजे शोभाही येते. कुंडीवर सावली राहते, माती सावकाश वाळते. हा पट्टा खळीने वा डिंकाने चिकटवू नये. ओलसर भिंतीवर खळ टिकत नाही, उलट बुरशी धरते. नुसते बांधलेले बरे, सोडतानाही त्रास नाही.

पत्र्याचा डबा तर उन्हात मातीच्या कुंडीहून अधिक तापतो. त्याच्या तळाशी खिळ्याने चार-पाच छिद्रे पाडून वर खापराचे तुकडे ठेवावेत. बाहेरून तुराट्या समान लांबीत कापून उभ्या लावाव्यात व सुतळीने विणून घ्याव्यात. तुरीच्या मळणीनंतर ज्या काड्या चुलीत जातात, त्यांचे हे सुबक कुंपण उन्हापासून पत्र्याचे रक्षण करते. शाळेत कार्यानुभवाच्या तासिकेस मुलांकडून हे सहज करून घेता येईल. वरच्या वर्गातील मुले गेरूवर तांदळाच्या पिठाने वारली पद्धतीच्या आकृतीही काढू शकतील. ज्या कलेसाठी जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तिला साहित्य एवढेच लागते. पावसात ती पुसली जाईल. पुढील वर्षीच्या मुलांना पुन्हा काढता येईल. थर्मोकोलच्या सजावटीस राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे शिक्षकांनी ध्यानी ठेवावे.

शोभेसाठी कुंडीखाली ठेवलेली बशी किंवा छिद्र नसलेले बाहेरील भांडे ह्यांविषयी आरोग्य कर्मचारी वारंवार सांगतात, ते उगीच नव्हे. डेंग्यू पसरविणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. आठवड्यातून एकदा बशी रिकामी करून घासून कोरडी करावी. नुसते पाणी ओतून दिल्यास कडेस चिकटलेली अंडी तशीच राहतात.

बदल्यांचे आदेश साधारणतः एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऐन उन्हात निघतात. सामान हलविण्याच्या आदल्या दिवशी कुंडीस पाणी देऊ नये, कारण ओली माती जड होते. गोणपाट मात्र सोडू नये, टेम्पोत तेच कुंडीस धक्क्यापासून वाचविते. नव्या गावी पोहोचल्यावर पाणी देऊन चार दिवस कुंडी सावलीत ठेवावी. मागच्या ओसरीवर गेरूचा जो गोल डाग राहिलेला असेल, तो ओल्या फडक्याने निघतो.