पैठण ते पंढरी : कमरेस बांधावी अशी औषधांची पुरचुंडी

ज्येष्ठ वद्य सप्तमीस शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराजांच्या पादुका पालखीत विराजमान होतात आणि पैठणनगरी सोडून पंढरीची वाट धरतात. आषाढ शुद्ध दशमीस पालखी पंढरपुरी पोहोचते. मधले दिवस सुमारे अठरा, आणि वाट अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची वेस ओलांडून अहिल्यानगर, बीड, धाराशिव व सोलापूर या जिल्ह्यांतून पाटोदा, खर्डा, परांडा, अरण, करकंब अशी गावे घेत हा सोहळा पुढे सरकतो. आळंदी वा देहूच्या मार्गाइतका हा मार्ग गजबजलेला नाही. औषधांचे दुकान हाकेच्या अंतरावर असेलच, असा भरवसा येथे धरता येत नाही.

नाथांच्या चरित्राविषयी व भारुडांविषयी अधिकारी लेखक वाचकांस नित्य काही देतच असतात. आम्ही आज लक्ष वेधू इच्छितो ते एका अगदी लौकिक वस्तूकडे, म्हणजे वारकऱ्याच्या औषधांच्या पुरचुंडीकडे. घरची माणसे प्रेमापोटी तिच्यात इतके काही कोंबतात की ती जड होते. जड झाली की सामानाच्या ट्रकमध्ये जाते. आणि दुपारी दीड वाजता, ट्रक दहा किलोमीटर पुढे गेलेला असताना, पायाला फोड येतो. जी पुरचुंडी अंगावर नाही ती नसल्यातच जमा. म्हणून आमच्या मते पहिली कसोटी वजनाची. एकूण भार पाव किलोच्या आत बसावा. जे पहिल्या पंधरा मिनिटांत लागते तेवढेच जवळ बाळगावे. बाकीचे दिंडीच्या ट्रकवर व आरोग्यपथकांवर सोपवावे. शासनाने 2023 पासून ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ हा उपक्रम चालविला आहे, आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून धावते आहे. सारा दवाखाना पाठीवर वाहण्याचे कारण उरलेले नाही.

पुरचुंडीत प्रथम काय ठेवावे, असे विचारल्यास पुष्कळ लोक मलमाचे नाव घेतील. आमचे उत्तर निराळे आहे. प्रथम ठेवावी ती स्वतःची रोजची औषधे : रक्तदाबाची, मधुमेहाची, हृदयविकाराची. वारीत वयस्क मंडळी फार, आणि ‘माउलीच्या वाटेवर गोळी कशाला’ असे म्हणून औषध घरी ठेवून येणारेही काही थोडे नाहीत. अठरा दिवस औषध बंद ठेवणे हा जिवाशी खेळ होय. वीस दिवसांच्या गोळ्या पन्नास ग्रॅमही भरत नाहीत. पाकीट कापताना औषधाचे नाव व मुदतीची तारीख असलेला भाग मात्र कापून टाकू नये. सोबत एका चिठ्ठीवर आपले नाव, आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावी, कारण आषाढातला पाऊस शाई ठेवत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीच्या बाजूस बाळगावे.

यानंतर पाय. वारी मोडते ती बहुधा पायांमुळे. चप्पल घासून येणारा फोड, बाभळीचा काटा, बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या आणि ठेच या चार शत्रूंसाठी फार सामग्री लागत नाही. कापडी चिकटपट्टी हवी, पण तिचे अख्खे रीळ नको. सह्याद्रीत भटकणारी तरुण मंडळी एका पेन्सिलीभोवती हात-दोन हात पट्टी गुंडाळून नेतात; ही युक्ती वारकऱ्यांनी उचलण्याजोगी आहे. पायाला एखादी जागा नुसती तापल्यासारखी वाटू लागली की तेथेच थांबून पट्टी लावावी. फोड येण्याची वाट पाहू नये. मांड्या व टाचा घासू नयेत म्हणून व्हॅसलिनची लहान डबी, काट्यासाठी चिमटा, जखमेसाठी पोव्हिडोन आयोडिनची छोटी नळी आणि निर्जंतुक जाळीच्या चार घड्या घेतल्या म्हणजे काम भागते.

फोडाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार काढायचा व तसाच ठेवायचा, ही रीत अद्याप गावोगाव चालते. पाणी झिरपून जाते हे खरे. परंतु त्याच दोऱ्यावरून रस्त्याची घाण आत शिरते आणि तिसऱ्या मुक्कामी पाय सुजतो. लहान फोड फोडूच नये. मोठा, ताणलेला, चालू न देणारा फोड असेल तर स्वच्छ केलेल्या सुईने कडेला बारीक छिद्र पाडून पाणी दाबून काढावे. वरची कातडी तशीच राहू द्यावी, कारण तिच्याइतके चांगले आवरण बाजारात मिळत नाही. मग आयोडिन, जाळी आणि पट्टी. मधुमेह्यांनी मात्र फोडास सुई लावूच नये. पथकातील डॉक्टरांना दाखवावे. त्यांच्या तळव्याची संवेदना मंदावलेली असते. काचेचा तुकडा रुतला तरी ध्यानात येत नाही. रोज मुक्कामी पाय धुऊन, पुसून, सोबत्याकडून तळवे पाहून घ्यावेत. अनवाणी चालण्याचा नेम ज्यांनी धरला आहे त्यांच्या श्रद्धेस आमचे वंदन आहे. पण मधुमेह्याने तो नेम करू नये, हे आम्हांस स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

काशीहून कावडीने आणलेले गंगोदक नाथांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. वाटेवरील तहानेचा आजचा उपाय म्हणजे जलसंजीवनीचे पाकीट. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रानुसार त्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 2.9 ग्रॅम सायट्रेट व 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. एकूण भार साडेवीस ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने पावणेदोन तोळे. एके काळी पटकी वारीबरोबर चालत असे. त्याच रोगाच्या साथीत, 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरे पडताच साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. असे हे औषध. परंतु ते पाकिटावर लिहिलेल्या मापानेच करावे. लिटरचे पाकीट पेल्यात टाकल्यास ते अपाय करते. बाटलीबंद पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली हे उत्तम माप होय. पाकीट संपल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. दोन पाकिटे जवळ असावीत. फळांच्या चवीची तयार गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे.

पॅरासिटॅमॉलच्या आठ-दहा गोळ्या ताप व अंगदुखीस पुरतात. प्रौढाने एका वेळी पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी व पुढच्या गोळीपूर्वी चार ते सहा तास जाऊ द्यावेत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या जहाल वेदनाशामक गोळ्या आम्ही मुद्दाम वगळल्या आहेत. घामाने शरीरातील पाणी आटलेले असताना त्या घेतल्यास मूत्रपिंडास इजा होऊ शकते, आणि रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांस हा धोका अधिक. दिंडीत पाणी वाटावे, भाकरी वाटावी. गोळ्या वाटू नयेत. शेजाऱ्याच्या गुडघ्याला मानवली ती आपल्या मूत्रपिंडास मानवेलच, असे नाही. तसेच छातीत कळ येऊन डावा हात वा जबडा दुखू लागल्यास ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून चालत राहू नये. खाली बसावे आणि 108 ला बोलवावे.

काही वस्तू घेण्याची गरजच नाही, कारण त्या वारकऱ्याच्या अंगावर असतात. मोडलेला वा मुरगळलेला हात गळ्यात अडकविण्यास उपरण्याहून सोयीची झोळी नाही. उन्हाने भोवळ येऊन कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तेच उपरणे भिजवून मान, काखा व जांघा पुसाव्यात, सावलीत निजवून वारा घालावा आणि 108 ला कळवावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये. सर्पदंशावर पुरचुंडीत काहीच ठेवू नये. ना पाते, ना दोरी. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे.

एक औषध तर वजनाविना नेता येते. धनुर्वाताची प्रतिबंधक लस दहा वर्षांत घेतली नसेल तर ती प्रस्थानापूर्वी घ्यावी. शहरातील मंडळींना तालीम हवी असेल तर खुलताबादच्या भद्रा मारुतीस पायी जाऊन यावे. पंचवीसेक किलोमीटरांत चप्पल कोठे घासते आणि पुरचुंडीतले काय निरर्थक आहे, हे दोन्ही कळते.

ती ठेवावी कोठे, हेही सांगून टाकतो. पाठीवरच्या झोळीच्या तळाशी नव्हे. कमरेस, उजव्या हाताशी. आणि तिच्यात काय आहे व चिठ्ठी कोठे आहे, हे दिंडीतल्या किमान एका सोबत्यास, शक्य तर विणेकऱ्यास, पैठण सोडण्यापूर्वीच दाखवून ठेवावे.