काडी नको, साबण घ्या!

दिवाळीच्या फराळाचे कौतुक सगळेच करतात. पण ज्या आचेवर तो फराळ होतो, तिची चौकशी कोण करतो? मीही कधी केली नव्हती. वर्गात समास आणि अलंकार शिकविणाऱ्या माणसाचा शेगडीशी संबंध चहापुरताच! तो वाढविला माझ्या आत्याने, २०१६ सालच्या दिवाळीत.

आत्या राहते पंढरपूर तालुक्यातल्या करकंबला. घर जुन्या माळवदाचे. स्वयंपाकघरात चूल आणि धूर जायला वर झरोका. मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५ साली आला; आत्याच्या घरी पोचायला त्याला आणखी साठ वर्षे लागली. ‘ज्वारीच्या भाकरीला चुलीचीच धग पाहिजे,’ हा तिचा सिद्धान्त. पण डोळ्यांचे ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितला आणि वसुबारसेच्या दिवशी गॅस घरात आला. जोडणारा माणूस आला आणि सारे रीतसर जोडून, दाखवून गेला.

धनत्रयोदशीला आत्याला ती जागा पसंत पडेना. “हे लाल धूड दारातनं दिसतंय. बळदात ठेवा की!” बळद म्हणजे पूर्वी ज्वारी साठवायची जमिनीखालची अंधारी जागा. आतेभावाने शेगडीची नळी काढून सिलिंडर उचललेसुद्धा. छापील कागद दिसला की वाचायचा, ही माझी जुनी खोड. रात्री शेगडीबरोबरचे माहितीपत्रक वाचले होते, म्हणून मी ओरडलो, “तिथे मुळीच नको!”

धूर तापलेला असतो, म्हणून वर जातो. झरोका वर असला की झाले. हा गॅस मात्र हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो गळला तर पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगट जागी साचून राहतो. हवेच्या शंभर भागांत जेमतेम दोन भाग गॅस मिसळला, तरी एक ठिणगी पुरते. चुलीपाशी जन्मभर वर पाहायची सवय लागलेली. गॅसपाशी खाली पाहावे लागते. म्हणून सिलिंडर खड्ड्यात, तळघरात किंवा बंद कपाटात ठेवायचे नाही. ते सपाट जमिनीवर उभेच ठेवायचे आणि शेगडी त्याच्याहून उंच ओट्यावर मांडायची.

आत्याला हे पटले. आतेभावाने सिलिंडर ओट्याजवळ ठेवून नळी पुन्हा बसविली. तेवढ्यात शेजारच्या एका गृहस्थांनी खिशातून काडेपेटी काढली. “काडी फिरवून बघू. गळत असलं तर पेटेल.”

पेटेल हे खरेच. पण मग पाहायला कोण उरेल?

मी अभ्यंगस्नानासाठी आणलेल्या साबणाची वडी घेतली आणि वाटीत दाट फेस केला. आत्या हसून म्हणाली, “आरं, विस्तवाला कधी साबण लावत्यात का?” शेगडीच्या कळा बंद ठेवून रेग्युलेटर उघडला आणि एकेका सांध्यावर फेस लावला. सिलिंडरचे तोंड ठीक. रेग्युलेटरकडचे टोक ठीक. शेगडीकडच्या टोकाला मात्र एक बुडबुडा आला. तो फुगला, फुटला, लगेच दुसरा आला. डोळ्यांना न दिसणारी वस्तू डोळ्यांपुढे श्वास घेत होती.

मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. पण घरात उदबत्ती आणि उटण्याचा असा घमघमाट होता की कुणाच्याच नाकाला पत्ता नव्हता. आणि चार हातांवर कोनाड्यात धनत्रयोदशीची पणती तेवत होती! फेस लावण्याआधीच ती बाहेर न्यायला हवी होती. हे शहाणपण मला बुडबुडा पाहिल्यावर सुचले.

मी रेग्युलेटर बंद केला. आत्याने पदराआड पणती धरून ती अंगणात, तुळशीपाशी नेली. दारे-खिडक्या उघडल्या. पाहतो तो नळी नुसती टोकाला अडकली होती. ती पुरती आत सरकवून पकड आवळली आणि पुन्हा फेस लावला. बुडबुडा नाही.

तेव्हापासून घरोघरी मी हे सांगत असतो. सिलिंडर घेताना सील पाहा आणि गळ्याजवळच्या पट्टीवरचे इंग्रजी अक्षर व वर्ष वाचा. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. ती मुदत उलटलेले सिलिंडर परत करा. झडपेतली रबरी कडी जागेवर आहे ना, ते पाहा. नळी आय.एस.आय. खुणेची, दीड मीटरच्या आत असावी. भिंतीतून ओवू नये आणि पाच वर्षांनी बदलावी. काडी आधी पेटवा, मग कळ फिरवा. ज्योत निळी हवी. पिवळी पडली तर बर्नर साफ करून घ्या. आणि सिलिंडर बदलले की, सारे दिवे विझवून, फेसाची परीक्षा चुकवू नका.

गॅसचा वास आलाच, तर विजेचे कोणतेही बटण लावू नका, बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा उडते. देवापुढचे निरांजनही शांत करा, रेग्युलेटर बंद करून सिलिंडरला टोपण लावा, दारे उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

आत्या आता भाकरीसुद्धा गॅसवर करते. ‘चुलीची चव नाही’ असे म्हणत म्हणत. पण नवे सिलिंडर आले की ती प्रथम पणती अंगणात नेते आणि मग साबणाची वाटी मागते. तिची सून हसते. मी हसत नाही.