दिसतं तसं नसतं, म्हणून मासा फसतो!

रेझिनचं डोकं, रबरी झालरीचा झगा आणि आत दडलेला एक गळ... खोल समुद्रातल्या ट्यूनाला भुलवणारं हे 'खेळणं' स्वतःच्या हातांनी बनवणाऱ्यांची दुनियाच न्यारी आहे!

'ट्रोलिंग' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुणाच्या तरी पोस्टखाली जाऊन उगाच काडी टाकणारे, डीपीला स्वतःचा फोटोही न लावणारे महाभाग! पण हा शब्द कम्प्युटर जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून समुद्रावर नांदतोय. चालत्या बोटीच्या मागे दोरीला आमिष बांधून ते पाण्यातून ओढत न्यायचं आणि कुणी गळाला लागतंय का ते बघायचं, याला म्हणतात ट्रोलिंग. नेटवरच्या ट्रोलमंडळींचा फंडा तरी याहून वेगळा कुठे असतो?

फरक इतकाच, की समुद्रावरचं गिऱ्हाईक जरा वजनदार असतं. ट्यूना! आपल्या मासळीबाजारात कुपा किंवा गेदर म्हणून मिळतात ना, ती या खानदानातली छोटी भावंडं. त्यातल्या थोरल्यांपैकी एक म्हणजे यलोफिन. २०१२ मध्ये मेक्सिकोच्या काबो सान लुकासजवळ गळाला लागलेला यलोफिन भरला ४२७ पौंड, म्हणजे जवळपास १९४ किलो! अशा पैलवानाला फसवायचं, तेही खऱ्या माशाने नाही तर हाताने बनवलेल्या खोट्या माशाने. या खोट्या माशाचं नाव ल्यूर.

रेडिमेड ल्यूर दुकानात ढीगभर मिळतात. तरीही जगभरातले हौशी लोक वीकेंडला गॅरेजमध्ये मास्क लावून बसतात आणि स्वतःचे ल्यूर ओततात. का? कारण दुकानात शेल्फवर चमकणारा ल्यूर आधी माणसाला पकडतो. माशाला पकडायचं तर तो पाण्यात कसा चालतो, हे महत्त्वाचं.

शिंपल्यापासून बारच्या ग्लासापर्यंत

या कलेची पंढरी म्हणजे हवाई बेटांमधलं कोना. मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव. पाठीशी हुआलालाई आणि मौना लोआसारखे ज्वालामुखी उभे, त्यामुळे व्यापारी वारे अडतात आणि समुद्र तुलनेनं शांत असतो. शिवाय किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खोल जातो. मोठ्या माशांसाठी दिवसभराचा प्रवास करायची गरजच नाही!

पण हवाईची माणसं ल्यूर बनवायला लागली ती मोटरबोटी येण्याच्या कितीतरी आधी. तिथे छोट्या ट्यूनाला 'आकू' म्हणतात. त्याच्यासाठी चकचकीत शिंपल्याची दांडी घासून गुळगुळीत करायची, तिला हाडाचं टोक बांधायचं आणि बुडाशी डुकराचे राठ केस लावायचे. झाला ल्यूर! शिंपल्याच्या वेगवेगळ्या छटांचे ल्यूर सोबत असायचे. आज आकू कोणत्या छटेवर भाळतोय ते बघून निवड व्हायची. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये असे जुने गळ आणि ल्यूर जपून ठेवलेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर पारदर्शक रेझिन मिळायला लागलं आणि खेळच बदलला. कोनाचे बोट कॅप्टन हेन्री ची यांचं नाव इथे आदरानं घेतलं जातं. साचा आणायचा कुठून? त्यांनी बारमधले ग्लासच साचे म्हणून वापरले! ग्लासात रेझिन ओतायचं, घट्ट झालं की काढून पुढचं तोंड तिरकं कापायचं. झगा म्हणून टायरच्या ट्यूबच्या रबरी पट्ट्याही चालायच्या. अस्सल जुगाड! पुढे होनोलुलूच्या जो यी यांनी याच कामाला इतकं देखणं रूप दिलं, की त्यांचे ल्यूर आज लोक पाण्यात टाकण्याऐवजी काचेच्या कपाटात ठेवतात.

सगळा खेळ डोक्याचा

ल्यूरचं डोकं म्हणजे त्याचं इंजिन. बोट साधारण ७ ते ९ नॉटने चालते, म्हणजे ताशी १३ ते १७ किलोमीटर. ट्रॅफिकमध्ये आपली रिक्षा चालते तेवढीच! या वेगात डोक्याच्या पुढच्या भागावर पाणी आपटतं आणि त्या भागाचा आकार ल्यूरची चाल ठरवतो.

तोंड वाटीसारखं खोलगट असेल तर ल्यूर पाणी ढकलतो, उडवतो, आवाज करतो. तिरकं कापलेलं असेल तर तो डावी-उजवीकडे झुलतो, खाली सूर मारतो. बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार असेल तर मुकाट सरळ धावतो. आणखी एक प्रकार म्हणजे जेट. त्यात डोक्यातून आरपार भोकं असतात आणि मागून बुडबुड्यांची रेघ सुटते.

तुम्हाला वाटेल, जितका नखरा तितका मासा खूश! मार्लिनसारख्या तलवारबहाद्दराला नखरे चालतात. ट्यूना मात्र भरधाव येऊन घास घेणारा. ल्यूर वेडावाकडा उड्या मारत असेल तर त्याचा नेम चुकतो. म्हणून ट्यूनासाठी गोळी आणि जेट हे साधे, सरळमार्गी आकार जास्त वापरले जातात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तर 'सीडर प्लग' नावाचा, शिशाचं नाक लावलेला नुसता लाकडी ठोकळा अनेक वर्षं ट्यूना पकडतोय. ना रंग, ना डोळे!

चांगल्या ल्यूरची चाल ओळखायची कशी? तो पृष्ठभागावर येतो, हवेचा एक 'श्वास' घेतो, पुन्हा खाली जातो आणि मागे बुडबुड्यांची पांढरी शेपूट सोडतो. याला तिकडे 'स्मोक' म्हणतात, म्हणजे धूर! हा धूर नियमित सुटत राहिला की समजायचं, डोकं जमलंय. ल्यूर सतत हवेत उडतोय किंवा गरगर फिरतोय? मग वेग कमी करा, ल्यूर बोटीच्या मागे वेगळ्या लाटेवर लावा. तरीही जमेना, तर परत गॅरेज!

ओतकाम आणि घासकाम

आधी डोक्याचा मूळ नमुना लाकडाचा किंवा अॅक्रिलिकचा घडवतात आणि त्यावरून सिलिकॉनचा साचा काढतात. साच्याच्या मधोमध एक नळी, कारण दोरी डोक्यातून आरपार जायची असते. नळीच्या भोवती शिंपल्याचे तुकडे, आरसा किंवा चमकती टेप लावतात, दोन डोळे चिकटवतात आणि वरून पारदर्शक रेझिन ओततात.

इथे घाई केली की संपलं! हार्डनर जास्त झालं तर रेझिन तापतं आणि तडकतं. कमी झालं तर चिकट राहतं. ढवळताना हवा शिरली तर बुडबुडे अडकतात. रेझिनचा वास छातीला चांगला नाही, त्यामुळे मोकळी हवा आणि योग्य फिल्टरचा मास्क मस्टच. मग जाड पॉलिश पेपरपासून बारीकपर्यंत, पाणी लावून घासत बसायचं. नळी मध्यापासून जराशी सरकली तरी चाल बदलते. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेले दोन ल्यूर सख्खे भाऊ असले, तरी स्वभावानं वेगळे निघू शकतात. जमलेला ल्यूर हरवला की माणसं हळहळतात ती यामुळेच.

झग्याचं काम त्यामानाने सोपं. झालरीचे दोन थर, एक आत आणि एक बाहेर. आतला थर उलटा करून बांधला की झालर फुगीर राहते. रंगांवरून मात्र कट्ट्यावर कितीही वाद घाला! पाण्यात खोल जाताना लाल रंग लवकर मावळतो आणि काळपट दिसतो, एवढं लक्षात ठेवलं तर रंगांच्या दहा डब्या विकत घ्यायचा मोह आवरतो.

खरी परीक्षा रिगिंगची

आता येतो तो भाग, ज्याचे फोटो कुणी टाकत नाही. ल्यूरमध्ये दोरी आणि गळ बसवणं, म्हणजेच रिगिंग. सगळा जीव इथे असतो.

मुख्य दोरी आणि गळ यांच्यामध्ये जाड नायलॉनचा तुकडा असतो, त्याला लीडर म्हणतात. सुरमईचे दात कात्रीसारखे, तिच्यासाठी तार लागते. ट्यूनाचे दात बारीक असतात, त्यामुळे इथे नायलॉन चालतं. इतक्या जाड नायलॉनची गाठ नीट बसत नाही, म्हणून धातूची छोटी नळी दाबून फास करतात. ही नळी म्हणजे क्रिम्प. ती दोरीच्या मापाचीच हवी आणि दाबताना दोन्ही कडा मोकळ्या सोडायच्या. कडेपर्यंत दाबली तर तीच धार बनते आणि दोरी कापते. नायलॉनला अॅल्युमिनियमची नळी चालते, पण स्टीलच्या तारेला तांब्याची. कारण स्टील, अॅल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की अॅल्युमिनियम गंजून जातं. फासाच्या आत जिथे गळ घासतो, तिथे छोटी संरक्षक नळी घालायची.

मग प्रश्न येतो, गळ किती मागे? ट्यूना घास आत ओढतो, त्यामुळे एकच गळ पुरतो. त्याचं टोक झालरीच्या शेवटाजवळ ठेवायचं. फार पुढे ठेवला तर झालरीत अडकतो, फार मागे गेला तर ल्यूरची चाल बिघडवतो. १९३९ मध्ये स्थापन झालेली आयजीएफए ही संस्था जगभरचे विक्रम नोंदवते. तिच्या नियमातही मागचा गळ झालरीच्या पलीकडे एका गळाच्या लांबीपेक्षा जास्त जाता कामा नये.

एवढा काथ्याकूट कशासाठी? पैशांसाठी किंवा विक्रमासाठीच नाही. क्रिम्प सुटला तर ट्यूना तोंडात गळ आणि मागे हातभर प्लॅस्टिक घेऊन निघून जातो. त्याला पोहणं थांबवता येत नाही. तोंड उघडं ठेवून पुढे जात राहिला तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं आणि श्वास चालतो. ते लोढणं घेऊन तो किती तगेल, कुणास ठाऊक. कुणाच्या ताटातही तो येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक मासे पाण्याइतकेच थंड असतात, पण ट्यूना आपले स्नायू पाण्यापेक्षा गरम ठेवतो. झुंज लांबली की ते आणखी तापतात आणि मांस फिकट, पाणचट होऊ शकतं. जपानी भाषेत त्याला 'याके' म्हणजे भाजलेलं म्हणतात! रिगवर भरवसा नसेल तर माणूस घाबरत घाबरत, हळूहळू ओढतो आणि झुंज लांबते. भरवसा असेल तर लवकर निकाल लागतो. ठेवायचा मासा लगेच बर्फात जातो आणि सोडायचा मासा दमून मरायच्या आत सुटतो.

यलोफिनची जागतिक स्थिती २०२१ मध्ये आययूसीएनच्या यादीत आधीपेक्षा सुधारलेली दिसली. पण म्हणून फुकट घालवायला मासे उरलेत असं नाही. गॅरेजमधल्या माणसाच्या हातात निदान त्याचा क्रिम्प तरी असतो!

करून बघायचंय?

• पहिला ल्यूर गोळीच्या आकाराचा, तीन-चार इंची करा. तो सहसा चालीत फसवत नाही.
• कोकणात गरवायला जाणाऱ्यांशी आधी बोला. कुपा आणि सुरमईच्या जागा, वेळा त्यांना पाठ असतात. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या तारखाही विचारून घ्या.
• क्रिम्प केल्यावर गळ भिंतीतल्या हुकात अडकवून, हातमोजे आणि चष्मा घालून जोरात ओढा. सुटायचा असेल तर घरीच सुटू दे.
• मासा बोटीजवळ आला की लीडर हाताला घट्ट गुंडाळून बांधू नका. माणसं बोटीबाहेर खेचली गेली आहेत.
• प्रत्येक मोठ्या माशानंतर लीडरवरून बोटं फिरवा. खरखरीत लागला की कापा आणि नवा बसवा. डोकं आणि झगा तोच चालतो.