प्रौढ वयातील भाषाशिक्षण : हिब्रूचा अनुभव आणि गोंडी-माडियाचा प्रश्न

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत नोकरीनिमित्त येणारा शिक्षक, डॉक्टर किंवा अधिकारी बहुधा पंचविशी ओलांडलेला असतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत रुजू झाल्यावर त्याच्या कानावर जी भाषा पडते ती मराठीची बोली नसून गोंडी किंवा माडिया, म्हणजे द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा असते. पहिलीच्या वर्गातील मूल काय म्हणते ते शिक्षकाला कळत नाही आणि शिक्षक काय शिकवतो ते मुलाला कळत नाही. 'या वयात नवी भाषा कुठून येणार?' असे म्हणून हा प्रश्न सामान्यतः बाजूला सारला जातो. या समजुतीत कितपत तथ्य आहे, हे तपासण्यासाठी हिब्रू भाषेचा इतिहास विशेष उपयुक्त आहे. बोलचालीतून सुमारे सतरा शतके लोपलेली ही भाषा विसाव्या शतकात लक्षावधी प्रौढांनी शिकून घेतली, आणि त्यांत मराठी मातृभाषा असलेलेही होते. या अनुभवाचा परिचय करून देऊन त्यातून आपल्या परिसरासाठी काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रौढत्व आणि भाषाग्रहण

एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये असा सिद्धांत मांडला, की भाषा सहजपणे आत्मसात करण्याचा काळ पौगंडावस्थेच्या सुमारास संपतो. परकीय भाषेचे उच्चार स्थानिकांसारखे होणे प्रौढांना अवघड जाते, हे अनुभवासही येते. परंतु 'प्रौढाला भाषा येऊ शकत नाही' असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. कॅथरीन स्नो व मारियान हुफनागल-हले यांनी नेदरलँड्समध्ये राहून डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुरुवातीच्या महिन्यांत किशोरवयीन व प्रौढ हे लहान मुलांपेक्षा वेगाने प्रगती करतात, असे आढळले. प्रौढाजवळ नियम समजून घेण्याची, तुलना करण्याची आणि स्वतःची चूक ओळखण्याची क्षमता असते. त्याला कमी पडतो तो वेळ, आणि चूक करण्यास लागणारा निःसंकोचपणा.

भाषेची काठिण्यपातळीही निरपेक्ष नसते. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेच्या वर्गवारीत इंग्रजी भाषकासाठी हिब्रू आणि हिंदी या दोन्ही भाषा एकाच गटात येतात. दोहोंसाठी सुमारे ४४ आठवडे किंवा ११०० तासांचे अध्यापन गृहीत धरले आहे. मराठी भाषकाला हिंदीसाठी याचा अल्पांशही लागत नाही. म्हणून 'हिब्रू कठीण आहे का?' या प्रश्नाला 'कोणासाठी?' हा प्रतिप्रश्न आवश्यक ठरतो.

मराठी आणि हिब्रू : एक जुना संबंध

कोकणच्या किनाऱ्यावर, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायल हा ज्यू समाज अनेक शतके राहत आला. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याची प्रथा यांमुळे त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. हिब्रूतील काही मोजकी प्रार्थनावचने त्यांनी मुखोद्गत जपली होती. परंतु हिब्रूचे वाचन आणि अर्थज्ञान समाजात सार्वत्रिक नव्हते. एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी आणि मुंबईतील मिशनरी शाळांनी हिब्रूचे अध्यापन सुरू केले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. वल्हांडणाच्या सणाचा 'हग्गादा' हा ग्रंथ १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी अनुवादासह छापला गेला. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांचे मराठी अनुवाद केले. या प्रयत्नांमुळे पाठ असलेल्या शब्दांना अर्थ मिळाला. तरीही हिब्रू ही प्रार्थनेचीच भाषा राहिली. बाजारहाट, भांडण आणि विनोद मराठीतच होत राहिले.

मराठी भाषकापुढील हिब्रू

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. वर्णमालेत २२ अक्षरे असून ती सर्व व्यंजने आहेत. स्वर दाखविणाऱ्या बिंदू-रेषांची पद्धती मध्ययुगात तिबेरिया येथील विद्वानांनी पूर्णत्वास नेली. परंतु आजच्या वृत्तपत्रांत व पुस्तकांत ती सहसा वापरली जात नाही. बाराखडीत वाढलेल्या मराठी वाचकाला, काना-मात्रा-वेलांटी गाळून छापलेला मजकूर वाचावा, तसा हा अनुभव असतो. शब्द आधी माहीत असेल तरच तो वाचता येतो. हिब्रूतील ही पहिली खरी अडचण होय.

उच्चारांच्या बाबतीत मात्र मराठी भाषक सुस्थितीत असतो. हिब्रूतील 'त्सादी' या अक्षराचा आधुनिक उच्चार म्हणजे 'चमचा' या शब्दातील 'च'. इंग्रजी भाषकाला शब्दारंभी तो साधावा लागतो, मराठी भाषकाला आयता मिळतो. 'झायिन' हा 'बाजू'मधील 'ज'च्या जवळ जातो. नव्याने शिकावा लागतो तो घशातून घासत येणारा 'ख' आणि जिभेच्या मुळाशी होणारा 'र'.

व्याकरणाचा गाभा म्हणजे धातू. बहुतेक धातू तीन व्यंजनांचे असतात आणि त्यांच्या आतील स्वर बदलून, मागेपुढे वर्ण जोडून शब्द तयार होतात. 'क-त-व' या लेखनवाचक धातूपासून 'कातव' (त्याने लिहिले), 'कोतेव' (लिहितो), 'मिख्ताव' (पत्र) आणि 'क्तोवेत' (पत्ता) हे शब्द होतात. 'ल-म-द' या धातूपासून 'लामाद' (शिकला), 'लिमेद' (शिकवले), 'तल्मीद' (विद्यार्थी) आणि सुप्रसिद्ध 'तल्मूद' हे शब्द होतात. मराठीतही पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे अशा जोड्यांत धातूच्या आतील स्वर बदलून अर्थ बदलतो. मराठीत जे थोड्या क्रियापदांपुरते आहे, ते हिब्रूत संपूर्ण शब्दसंपदेचे तत्त्व आहे.

क्रियापदातील लिंगभेद हीदेखील मराठी भाषकाला परकी गोष्ट नाही. 'कोतेव' व 'कोतेवेत' यांतील भेद म्हणजे 'लिहितो' व 'लिहिते' यांतील भेद होय. हिब्रूत नपुंसकलिंग नाही, हा एक भार कमीच होतो. मराठी विभक्तिप्रत्यय नामाच्या शेवटी जोडते, तर हिब्रू ते आधी जोडते : 'मुंबईला' म्हणजे 'ले-मुंबई'. येथील 'ल' हा केवळ योगायोग असला तरी लक्षात ठेवण्यास सोयीचा आहे. वर्तमानकाळी 'आहे' हे क्रियापद नसते. 'झे सेफेर', म्हणजे 'हे पुस्तक', एवढ्यातच वाक्य पूर्ण होते.

गोंधळ होतो तो संख्यावाचकांत. 'आ'कारान्त रूप साधारणतः स्त्रीलिंगी असते, पण 'तीन मुलगे' म्हणताना 'श्लोशा' आणि 'तीन मुली' म्हणताना 'शालोश' येते. सर्वांत मोठा संकोच मात्र व्याकरणाबाहेरचा आहे. हिब्रूत आदरार्थी बहुवचन नाही. प्राध्यापकालाही 'आता', म्हणजे 'तू', असेच संबोधावे लागते. 'तुम्ही'-'आपण'च्या संस्कारात वाढलेल्या प्रौढाची जीभ तेथे अडखळते.

उल्पानची पद्धती

१८८१ मध्ये जेरुसलेमला आलेल्या एलिएझेर बेन-येहूदा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हिब्रूला घरात व शाळेत आणले. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाल्यावर पुढील सुमारे साडेतीन वर्षांत तेथे जवळपास सात लाख स्थलांतरित आले. त्यांतील प्रौढांसाठी १९४९ मध्ये जेरुसलेम येथे 'उल्पान एत्सियोन' हे पहिले केंद्र निघाले. कालांतराने रूढ झालेला क्रम साधारणतः पाच महिने, आठवड्यातून पाच दिवस आणि रोज पाच तास, असा होता. 'हिब्रूतून हिब्रू' हे त्याचे तत्त्व. वर्गात बसलेल्यांची समान भाषाच नसल्याने भाषांतराचा मार्ग बंद होता. वस्तू दाखवून 'मा झे?' (हे काय?) असे विचारायचे आणि 'झे सेफेर' हे उत्तर घ्यायचे, अशी सुरुवात होई. पुढे दुकान, दवाखाना, बस, कार्यालय असे प्रसंग वर्गात येत आणि दुपारी तेच प्रसंग रस्त्यावर प्रत्यक्ष भेटत. नवशिक्यांसाठी स्वरचिन्हांसह सोप्या हिब्रूतील वृत्तपत्रेही निघाली.

कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांतील प्रौढ याच भाषिक वातावरणात शिकले. ज्या समाजात पिढ्यान्पिढ्या हिब्रू प्रार्थनेपुरती होती, त्याच समाजात ती रोजच्या व्यवहाराची झाली. धर्मश्रद्धा पूर्वीही होती, व्याकरणाची पुस्तकेही होती. नव्याने मिळाला तो भाषा वापरण्याचा प्रसंग. या यशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. हिब्रूच्या आग्रहात यिद्दिश, लादिनो यांसारख्या भाषा मागे पडल्या. मराठीही पुढच्या पिढीत क्षीण झाली. तिच्या जपणुकीसाठी तेथील मंडळींना 'मायबोली' हे मराठी नियतकालिक काढावे लागले.

चंद्रपूर-गडचिरोलीचा संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात गोंडी मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून अध्यापन व्हावे असे सांगतो. २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तरीही बहुसंख्य शाळांत, दवाखान्यांत आणि कार्यालयांत भाषेचे अंतर कायम आहे.

गोंडी शिकू पाहणाऱ्या मराठी भाषकाची स्थिती हिब्रूच्या विद्यार्थ्याहून वेगळी आहे. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी आणि तेलंगणातील गुंजाळा येथे आढळलेली लिपी उपलब्ध असून त्यांना अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. परंतु देवनागरीतूनही गोंडी लिहिली जात असल्याने नवशिक्यावर लिपीचा भार पडत नाही. शब्दसंपदा मात्र परकी आहे : पाण्याला 'येर', गावाला 'नार', एक, दोन, तीन म्हणजे 'उंदी, रंड, मूंद'. सिरोंचा भागातील तेलुगू जाणणाऱ्या कर्मचाऱ्याला 'रेंडु, मूडु' यांच्या आधारे ही भाषा लवकर जवळची वाटेल. लिंगव्यवस्थाही निराळी आहे. नामांचे दोनच वर्ग असून पुरुषवाचक नामे एका वर्गात आणि स्त्रिया, प्राणी व वस्तू दुसऱ्या वर्गात येतात. शिवाय प्रदेशानुसार बोली बदलते.

हिब्रूच्या विद्यार्थ्याला छापील साहित्य विपुल आहे, गोंडीच्या विद्यार्थ्याला ते थोडे आहे. उलट, हिब्रूच्या पुरस्कर्त्यांना जे शून्यातून उभे करावे लागले, ते बोलणाऱ्या माणसांचे गाव येथे दाराशीच आहे. त्याचा उपयोग होऊ शकतो, हे हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाने दाखवून दिले आहे. १९७३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी प्रौढ वयातच माडिया आत्मसात केली. रुग्णाला 'कुठे दुखते, केव्हापासून दुखते' हे विचारल्यावाचून उपचार शक्य नव्हते. गरज आणि प्रसंग यांची उल्पानसारखीच सांगड तेथे होती.

एक मूलभूत फरक मात्र दृष्टीआड करता येणार नाही. इस्रायलमध्ये नवागताला भाषा शिकणे भाग होते, कारण नोकरी व नागरी जीवन त्या भाषेत होते. गडचिरोलीत येणारा नवागत अधिकारपदावर असतो. त्याची भाषा शासनाची असते आणि जुळवून घेण्याचा भार सहा वर्षांच्या मुलावर किंवा वेदनेने विव्हळणाऱ्या रुग्णावर पडतो. परिस्थिती त्याला भाग पाडत नसल्याने ती गरज व्यवस्थेने निर्माण केली पाहिजे.

निष्कर्ष

१. प्रौढ वय हा भाषाशिक्षणातील निर्णायक अडथळा नाही. भाषा वापरण्याच्या प्रसंगाचा अभाव हा खरा अडथळा आहे.

२. अध्यापनाचा आरंभ व्याकरणाऐवजी व्यवसायातील वाक्यांनी व्हावा. शिक्षकासाठी वर्गातील, डॉक्टरसाठी तपासणीतील वाक्ये आधी यावीत आणि ती त्या-त्या गावच्या बोलीतच असावीत. व्याकरण त्यामागून येईल.

३. मातृभाषा व लक्ष्यभाषा यांतील साम्यभेदांची नेमकी जाणीव ही प्रौढाची सर्वांत मोठी शक्ती आहे. त्यामुळे मराठी भाषकासाठी गोंडीची पुस्तिका मराठीच्या तुलनेतूनच तयार झाली पाहिजे. विल्सन यांनी हिब्रूसाठी १८३२ मध्ये तसा प्रयत्न केला होता.

४. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील अनेक महाविद्यालयांत गोंडी, माडिया किंवा कोलामी मातृभाषा असलेले विद्यार्थी आहेत. मराठी व इंग्रजीतील न्यूनगंडामुळे वर्गात अबोल राहणारा हा विद्यार्थी अशा भाषावर्गात अध्यापक होऊ शकतो. मानधन देऊन त्याच्याकडून आठवड्यातून काही तास शिकण्यास प्राध्यापकांनी आरंभ केला, तर वेगळ्या संस्थेची वाट पाहावी लागणार नाही.

हिब्रूच्या वर्गात प्राध्यापकालाही 'तू' म्हणणे मराठी मनाला जड जाते. आपल्याच विद्यार्थ्यासमोर नवशिका म्हणून बसणे, चुकणे आणि त्याच्याकडून दुरुस्ती स्वीकारणे हा संकोच त्याहून मोठा आहे. तो ओलांडल्यास प्रौढाला भाषा येते, एवढे हिब्रूच्या अनुभवावरून म्हणता येते.